पुढचं वचनही वाचा

आमच्या भागात लग्न म्हणजे एक कोयता. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला निघालेली नवराबायकोची जोडी मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लिहिली जाते. एकटा आला तर अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते, म्हणून पोरगं अंगानं भरलं की घरचे त्याचं लग्न उरकायला बघतात. पाळक म्हणून माझी बहुतेक सेवा याच पट्ट्यात झाली. मी लावलेल्या लग्नांपैकी कितीतरी जोड्या हळद निघायच्या आत फडात उभ्या राहिल्या.

दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि वाडीवस्तीवरची आमची चर्चं ओस पडतात. नाताळच्या उपासनेला चार म्हाताऱ्या, शाळेची पोरं आणि पाळकाची मिसेस. बाकी मंडळी कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर. म्हणून मग मी नाताळची उपासनाच तळावर न्यायला लागलो. गाडीवर पेटी, एक ढोलकी, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. तिथं गेल्यावर कळलं की या माणसांना संसारावर प्रवचन देणं किती अवघड आहे.

पाचटाची कोपी असते, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बाई पहाटे तीनच्या सुमारास उठते, चूल पेटवते, दोन वेळच्या भाकरी थापून ठेवते. अंधारातच दोघं फडात. तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. संध्याकाळी गाडी कारखान्याला जाते. काट्यापुढे गाड्यांची रांग. नवरा गाडीजवळ गोधडी पांघरून नंबर लागायची वाट बघतो, बायको कोपीत लेकरांना घेऊन झोपते. तो रिकामी गाडी घेऊन येतो तेव्हा ती पुन्हा निघायच्या तयारीत असते. सहा महिने जोडीनं राबणारी ही माणसं एकमेकांशी बोलतात कधी, हा प्रश्न मला पहिल्याच नाताळला पडला.

आम्हा पाळकांना शिकवलेला उपाय ठरलेला: रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं, गीत म्हणावं, शास्त्र वाचावं, प्रार्थना करावी. कुटुंब उपासना. नगरच्या चर्चमध्ये, पंख्याखाली, हे सांगायला सोपं आहे. तळावर ते सांगितलं तेव्हा एका बाईने मला विचारलं, “पाळकसाहेब, संध्याकाळ म्हंजी कोणती? ह्यांची का माझी?” मी पुस्तक मिटलं आणि तिच्या मुलीला लाडू दिला.

भांडणं मात्र त्या थकव्यातही व्हायची, आणि मुळाशी बहुतेक वेळा उचलच असायची. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, सही किंवा अंगठा त्याचा. बाई अर्ध्या कोयत्याचं काम करते, पण किती उचल घेतली, त्यातून कुणाचं देणं फेडलं, किती बाटलीत गेली, हे तिला फडात कुणाकडून तरी कळतं. ती आजारी पडली किंवा पाळीमुळे उठू शकली नाही तरी खाडा धरला जातो, आणि तो जोडीच्या हिशेबातून वजा होतो. मग तो म्हणतो, तुझ्यामुळे नुकसान झालं. खाडा नको म्हणून बीडकडे बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला. आमच्या बायकांना नाही बसला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं. पण वाढलेला दर घरात दोघांना सारखा कळतो का, ते दरपत्रकात लिहिलेलं नसतं.

आमच्या एका वस्तीवरच्या वडीलमंडळींशी बरीच वादावादी करून मी एक रीत पाडली. टोळी निघण्याआधी घरात प्रार्थना होते, ती सगळीकडेच होते. आमच्याकडे त्या प्रार्थनेनंतर उचल चटईवर ठेवायची आणि नवराबायकोने दोघांनी मिळून मोजायची. एक वडील चिडून म्हणाले, देवाच्या कामात पैसा कशाला आणता? मी म्हटलं, भांडण पैशावरून होतंय तर देवाला दुसरीकडे कशाला बसवायचं? सगळ्यांनी ऐकलं असं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्याही काहींनी आधीच दोन नोटा काढून ठेवल्या असतील, माझी खात्री आहे. पण बाईला आकडा कळला. पुढे काही घरांत तिने बचतगटात पैसे टाकायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या वर्षी उचल थोडी कमी घेतली गेली. त्या वस्तीवर माझ्या सगळ्या प्रवचनांनी मिळून जेवढं झालं नसेल तेवढं त्या चटईने केलं.

आता लग्नाकडे येतो. आमच्याकडे लग्नाची उपासना ठरलेली असते. तीन रविवार जाहीर सूचना वाचायची, कुणाची हरकत नसेल तर तारीख. मे महिना, मांडव, बँड, आणि शास्त्रवाचन इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून. सुरुवात हटकून बाविसाव्या वचनापासून, जिथं पत्नींना पतीच्या अधीन राहायला सांगितलं आहे. वाचणारा वडील त्या वचनावर आवाज चढवतो, मांडवातले पुरुष गालात हसतात, नवरीची आई पदर सावरते. एकविसावं वचन कुणी वाचत नाही. त्यात पौलाने सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. नवऱ्याच्या वाट्याला तर त्याहून मोठं ओझं आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं त्याने बायकोसाठी स्वतःला द्यायचं. बाविसाव्या वचनावर गालात हसलेला एकही गडी मी पंचविसाव्या वचनावर हसताना पाहिला नाही. मी वाचन एकविसाव्यापासून सुरू केलं तेव्हा दोन-तीन ठिकाणी लग्नानंतर मला बाजूला घेऊन विचारलं गेलं, पाळकसाहेब, हे नवीन काढलं का?

नगरला बदली झाली तेव्हा वाटलं, इथं कोयता नाही, संसार सोपे असतील. एमआयडीसीत कामाला असलेला एक गृहस्थ होता; चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसणारा, गायनात आवाज भारदस्त. कंपनीने कामगार कमी केले, त्यात त्याचं काम गेलं. त्याने घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि वाडिया पार्कच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत बसायचा. हप्ते थकले, फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले. माझ्याकडे तो आला ते एका शाळेत शिपायाच्या जागेसाठी शिफारसपत्र मागायला, आणि तेवढ्यात सगळं सांगून बसला. वर म्हणाला, मिसेसला कळू देऊ नका, तिला बीपी आहे.

मी पत्र दिलं नाही. तुझ्या घरी चहाला येतो, असं सांगितलं. गेलो. बाईने चहा आणला, बशीत खारी. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “साहेब, ह्यांचं काम गेलेलं मला दिवाळीपासून माहीत आहे. धुण्याला तेलाचा वास येईना.” नवऱ्याने कप खाली ठेवला. ती गप्प का राहिली? तर त्याला कमीपणा वाटेल म्हणून. तो का गप्प राहिला? तिला धक्का बसेल म्हणून. दोघंही एकमेकांना जपत होती आणि फायनान्सवाला दार वाजवत होता. त्यानंतर जे भांडण झालं ते शेजारच्या दोन घरांत ऐकू गेलं असणार. पाळकाने अशा वेळी लगेच ‘आपण प्रार्थना करूया’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. डोळे मिटायला सांगून आपण पुष्कळदा माणसांचं तोंडच बंद करतो. मी खारी खाल्ली आणि थांबलो.

पुढे बाईने डबे करायला घेतले. तो काही दिवस डबे पोचवत होता, पण ओळखीच्या कॉलनीत डबा घेऊन जिना चढणं त्याला जमलं नाही. त्यावरून वर्षभर धुसफूस चालली. मंडळीतल्या एकाने त्याचं कर्ज एका ठिकाणी आणून हप्ता बसवून दिला, दुसऱ्याने गोडाऊनवर काम दिलं. आज ती दोघं सुखात आहेत असं मी सांगणार नाही. एकत्र आहेत आणि पगाराची तारीख दोघांना माहीत आहे.

लग्नात आणखी एक उतारा आवडीने वाचतात, रूथच्या पुस्तकातला. तू जाशील तिथं मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, या अर्थाची ती शपथ. पत्रिकेवरही छापतात. ती बायकोने नवऱ्याला दिलेली नाही. विधवा सुनेने विधवा सासूला दिलेली आहे. हे मी मांडवात सांगितलं की सासवा मान वर करून बघतात. ती गोष्ट आमच्या भागाला इतकी लागू आहे की समजवायला काही लागतच नाही. बेथलेहेमात दुष्काळ पडला, अलीमलेख बायकोमुलांना घेऊन मवाबात पोट भरायला गेला. तिथं तो मेला, दोन्ही मुलगे मेले. नामी परत निघाली तेव्हा एक सून मागे वळली, दुसरी वळली नाही. गावात आल्यावर नामी बायकांना सांगते की मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणली. आणि हे सांगताना रूथ तिच्या शेजारी उभी आहे! अशी सासू मी नेवाशापासून पाथर्डीपर्यंत प्रत्येक वस्तीवर पाहिली आहे.

एका घरात मुलगा दारूने गेला. मागे आई, बायको, दोन लहान पोरं, दीड एकर कोरडवाहू. दहाव्या दिवसानंतर भावकी जमली आणि सुनेला माहेरी पाठवायचं ठरायला लागलं. सुनेच्या मनाची काळजी कुणाला नव्हती. सगळ्यांचं लक्ष सातबाऱ्यावर होतं. सासू काहीच बोलत नव्हती, खांबाला टेकून बसली होती. मी तिथं रूथचं पुस्तक काढलं, पण शपथेपाशी थांबलो नाही, दुसरा अध्याय वाचला. रूथ परक्या शेतात सरवा वेचायला जाते, आणि शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या. सरवा म्हणजे काय ते त्या बैठकीतल्या प्रत्येक बाईने हाताने केलेलं होतं. सासू एकदम म्हणाली, “माझी सून कुठं जाणार नाही.” भावकीला उठावं लागलं.

हे ऐकून कुणाला वाटेल, वचनाने काम केलं. केलं, पण अर्धं. उरलेलं काम तलाठ्याच्या कार्यालयात झालं. वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, पोरांचे दाखले, प्रतिज्ञापत्र. आमच्या मंडळीचा खजिनदार निवृत्त शिक्षक होता, त्याने हेलपाटे घातले. सातबाऱ्यावर सुनेचं आणि पोरांचं नाव लागलं तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. सासू-सून आजही भांडतात, शेजारपाजारचे सांगतात. भांडोत. त्या एका घरात भांडतात.

एक घर मात्र असं होतं की तिथं वाचायला माझ्याकडे काही नव्हतं.

नेवासा तालुक्यात एका शेतकऱ्याने अनुदानातून शेततळं खणलं होतं. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अशी तळी जागोजागी झाली. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. त्याचा शाळेत जाणारा मुलगा चेंडू काढायला उतरला आणि परत आला नाही.

घरी माणसांची रीघ लागली. जो तो येऊन म्हणायचा, देवाची इच्छा. देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात. देव सोसवेल त्यापलीकडे देत नाही. तिसऱ्या दिवशी असं कुणी म्हणताच त्या आईने हातातला पाण्याचा तांब्या दारात आपटला आणि ती मागच्या बाजूला निघून गेली. मी वडीलमंडळींना गोळा केलं आणि सांगितलं, या घरात आता कुणी बोलायचं नाही. ईयोबाचे तीन मित्र आपल्याला फक्त वाईट म्हणून माहीत आहेत. पण ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कुणी एक शब्द काढला नाही. त्यांचं चुकलं ते नंतर, तोंड उघडल्यावर. आपण पहिल्या सात दिवसांवर थांबू.

नवराबायकोत मात्र त्या शांततेने भिंत उभी राहिली. ती रडायची, तो रडत नसे. पहाटे उठून शेतात जायचा आणि दिवस मावळल्यावर यायचा. तिला वाटायचं, याला काहीच वाटत नाही. तो तळ्याच्या बाजूने जात नसे, बांधावरून लांबचा वळसा घ्यायचा, हे तिला माहीत नव्हतं. मुलाच्या मरणानंतर आईबाप दोन वेगळ्या वाटांनी दुःख करतात, आणि आपली वाट धरली नाही म्हणजे दुसऱ्याला दुःखच नाही असं प्रत्येकाला वाटतं. मी हे पुष्कळ घरांत पाहिलंय. एकमेकांवरचा राग त्यातूनच येतो.

त्यांच्याकडे मी दर आठवड्याला जात होतो. एका संध्याकाळी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेक शेवटी वळतात, विश्वासावर किंवा उपकारस्तुतीवर येतात. हे वळत नाही. ते अंधारात संपतं. मी वाचून झाल्यावर बाईने विचारलं, पुढं? मी म्हटलं, पुढं काही नाही, एवढंच आहे. ती बराच वेळ माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही ते तळं कशाला खणलं हो?” इतके दिवस घरात प्रत्येकाच्या मनात असलेलं ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं. तो म्हणाला, “मी खणलं. मीच खणलं.” आणि मग तो रडला. मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. पुढचा पावसाळा त्या घराने कसा काढला ते घरालाच माहीत. मंडळीने दोन गोष्टी केल्या. महिला मंडळाने आळीपाळीने महिनाभर स्वयंपाक केला. आणि एका शनिवारी तरुण संघाची पोरं खांब आणि तार घेऊन गेली आणि तळ्याला कुंपण घालून आली. आत टायर बांधलेले दोरही सोडले. बापाकडून ते काम होण्यासारखं नव्हतं. कुणी त्याला विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. त्याने लांबून पाहिलं आणि दुपारी त्या पोरांना घरी जेवायला नेलं. मला विचाराल तर आमच्या तरुण संघाने त्या वर्षी घेतलेल्या सगळ्या मेळाव्यांत तो एकच खरा कार्यक्रम होता.

लग्नाआधी जोडप्यांना शिकवताना मी ख्रिस्ती कवी टिळकांचं उदाहरण देतो. टिळक म्हटलं की आमची माणसं ‘अभंगांजली’, ‘ख्रिस्तायन’ म्हणतात. मी त्यांच्या संसाराकडे बोट दाखवतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या माहेरच्यांच्या आधाराने काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या आपला धर्म, आपलं सोवळं, आपली वेगळी चूल घेऊन. टिळकांचा स्वभाव तापट, पण या बाबतीत त्यांनी घाई केली नाही, बायकोला ओढलं नाही. त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काय, रामराज्य? लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून पाहा. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. हातात पैसा टिकू न देणारा नवरा, त्याच्या लहरी, पाहुण्यांचा आणि अनाथ पोरांचा राबता, आणि हे सगळं सांगताना बाईंचं ते खट्याळ हसू. कुठं नवऱ्याला देव केलेलं नाही, कुठं स्वतःला बिचारी केलेलं नाही. आमच्या मुलींना लग्नात पवित्र शास्त्र भेट देतात, ते द्यावंच. जोडीला हे पुस्तक द्यावं. संकटात एकमेकांना थोडी जागा द्यावी लागते, आणि ती जागा वर्षानुवर्षं द्यावी लागू शकते, हे माझ्या प्रवचनापेक्षा त्या पुस्तकात जास्त नीट कळतं.

पण जागा देणं आणि मार खाणं यांची गल्लत आमच्या मंडळीत फार होते. म्हणून हे शेवटी आणि स्पष्ट लिहितो.

बाई अंगावर वळ घेऊन पाळकाकडे येते तेव्हा वडीलमंडळी बसते. नवऱ्याला बोलावतात, तो खाली मान घालतो, पुन्हा करणार नाही म्हणतो, प्रार्थना होते, चहा होतो, ‘मिटलं’ म्हणून माणसं उठतात. बाईला सांगितलं जातं, बाई, मलाखी दोन सोळा वाच, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. मी एका बैठकीत म्हटलं, ते वचन मोठ्याने वाचा, पूर्ण वाचा. त्याच वचनात पुढे, त्याच श्वासात, आपलं वस्त्र जुलमाने माखणाऱ्याचाही देवाला तिटकारा आहे असं म्हटलेलं आहे. वाचणारा अर्ध्यावर अडखळला. अनेक पिढ्या आम्ही त्या वचनाचा एक तुकडा बाईच्या हातात देत आलो आणि दुसरा, नवऱ्याच्या हातात द्यायचा, तो पुस्तकातच ठेवला.

पौलही करिंथकरांना लिहिताना बायकोने नवऱ्यापासून वेगळं होऊ नये असं सांगतो आणि लगेच, झालीच तर कसं राहावं, तेही सांगतो. म्हणजे वेगळं राहण्याची पाळी येऊ शकते हे त्याला ठाऊक होतं. आमच्या कायद्याला ते ठाऊक व्हायला फार वेळ लागला. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरेसं होतं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रूरतेची किंवा टाकून दिल्याची जोड दाखवावी लागे, आणि नुसत्या क्रूरतेवर तर घटस्फोटच मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ते बदललं, परस्परसंमतीची वाटही उघडली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. हे सगळं पाळकाला माहीत असलं पाहिजे. मी घटस्फोटाची वकिली करत नाही. माझ्या सेवेत मी जोडपी जोडायचाच प्रयत्न केला. पण मारणारा हात थांबल्याशिवाय जोडायचं काम सुरू होत नाही. आधी बाई आणि पोरं सुरक्षित जागी, मग नवऱ्याची दारू, मग त्याचा पश्चात्ताप, आणि तो खरा आहे का ते बघायला पुरेसा काळ. समेटाची बैठक त्यानंतर. क्षमा बाईने करावी की नाही हा तिचा आणि देवाचा प्रश्न आहे; घरी परत पाठवणं हा आमचा निर्णय असतो आणि त्याची जबाबदारी आमच्यावर येते.

वडीलमंडळींना माझी विनंती आहे: अशी बाई आली तर तिला एकटीला, दुसऱ्या एका जाणत्या बाईसमोर बोलू द्या. नवऱ्याला त्याच खोलीत बसवू नका. डॉक्टरकडे न्या, कागद करून घ्या, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता चर्चच्या फलकावर लावा, उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी. आणि हे वाचणारी कुणी बहीण त्या परिस्थितीत असेल आणि तिची मंडळी ऐकत नसेल, तर १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. रात्रीही लागतो. तो लावल्याने तुमचा विश्वास कमी ठरत नाही.